वर्ल्ड कपच्या गावात दुसराच फुटबॉल

२ सप्टेंबर, शुक्रवार
अल दुहैलच्या मैदानावर संध्याकाळी प्रॅक्टिस. हेल्मेटच्या आत घामानं डोळे चुरचुरतात. ऑफिसात 'फुटबॉल खेळतो' म्हटलं की सगळे वर्ल्ड कपची तिकिटं विचारतात. अमेरिकन फुटबॉल म्हटलं की, "म्हणजे रग्बी?" समजावणं सोडलंय आता.
कोच म्हणाले, भारतात याची व्यावसायिक लीग निघतेय. त्यांचा निवड करणारा माणूस पुढच्या शुक्रवारी मॅच बघायला येणार. खेळायचे पैसे मिळणार म्हणे! वय बत्तीस. परत कोण विचारणार?

९ सप्टें.
घात केला. बॉल हातात, दोघांना झटकलं, समोर रान मोकळं. आणि मी गर्रकन वळून आमच्याच बाजूला पळत सुटलो! नाशिकला शाळेपासून कबड्डीत चढाया केल्या. गडी शिवला की घर गाठायचं, हे पायांत मुरलंय. डोक्याला कोण विचारतो? आमच्याच शेवटच्या रेषेमागे मला आडवा केला. गुण त्यांना. कोचनी टोपी जमिनीवर आपटली.
गाडीत सई: "बाबा, यू रॅन द राँग वे." वैशाली खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. भयंकर लाज वाटली.

१२ सप्टें.
निवडवाल्यांचा फोन! पुण्याचे निघाले. "अहो, उलटे पळालात, पण शेवटच्या रेषेपर्यंत सापडलात कुणाला? दिशा आम्ही शिकवू." नोव्हेंबरात कॅम्प. सीझनभर करार. सईबरोबर सोफ्यावर उड्या मारल्या. वै. ओरडली, तरी मारल्या.

१५ सप्टें.
रजा मागितली. स्टेडियमच्या एसीचं काम अंगावर, त्यात मी रजा मागतोय. मॅनेजर केरळचे, आवाज चढवत नाहीत, हेच वाईट. "छुट्टी? वर्ल्ड कप के बाद, इन्शाल्ला." म्हणजे डिसेंबर संपत येणार, कॅम्प खलास. म्हणजे राजीनामाच. मग माझा व्हिसा जाणार, त्यावरचे वै. आणि सईचेही. सईची शाळा अर्ध्यात तोडायची, वै.नं लॅबमधली नोकरी सोडायची. आणि लीग पुढच्या वर्षी असेल की नाही, देव जाणे.

१८ सप्टें.
 आज कपड्यांच्या घड्या घालताना वै. म्हणाली, "जा म्हणणार नाही. जाऊ नको असंही नाही. फक्त नंतर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत." मी चिडलो. सगळं माझ्याच गळ्यात! मग वाटलं, आणखी कुणाच्या गळ्यात असायला हवं होतं? उरलेल्या घड्या मी घातल्या.

२१ सप्टें.
उद्या लीगवाल्यांना कळवायचंय. साइटवर लक्ष लागलं नाही. घरी येऊन गाडी लावली तर वै. समोरून भाजी घेऊन येत होती. पिशवी माझ्या हातात दिली आणि जिन्यात थांबून सरळ विचारलं, "तुला खेळायला जायचंय, की कुणीतरी बोलावलं याचाच आनंद झालाय?"
'खेळायला' म्हणायला तोंड उघडलं. 'भाजी कुठली आणलीस?' एवढंच विचारलं. ती वर गेली. मी पिशवी धरून तिथेच.