दाबू नकोस, सरकव

३ ऑगस्ट, सोमवार
पुन्हा दाबलं! "सरकव" म्हटलं की आमचा एल्बिओ दाबतो. चाळीस वर्षं मटणाच्या दुकानात सुरा चालवलेला अंगठा, काचेवर असा रोवतो की मलाच दुखतं. त्यात हा फोन नवरोबांनी आणलाय ब्राझीलमधून – आमच्या सीमेवरच्या गावात रस्ता ओलांडला की ब्राझीलच. सगळं पोर्तुगीजमध्ये. भाषा बदलून आमची स्पॅनिश केली, तर म्हणे, "आता तर काहीच कळत नाही!"

५ ऑगस्ट
आजचा धडा – गॅसची टाकी मागवणे. "तू मागवतेस की, म्हातारे. मी कशाला शिकू?" मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.
कशाला, ते इथेच लिहिते. माझ्या छातीत गाठ आहे. वीस तारखेला राजधानीत, माँतेविदेओला ऑपरेशन. त्याला सांगितलंय, तिथल्या बहिणीकडे, मिर्ताकडे जाते, महिनाभर. खरं काय ते फक्त मिर्ताला ठाऊक. खरं सांगितलं तर हा जेवण सोडेल आणि मलाच याच्या उशाशी बसावं लागेल. तेवढं बळ नाही आता. पण परत आलेच नाही तर? याला गॅस मागवता यायला हवा. डॉक्टरची वेळ घेता यायला हवी. बार्सेलोनातल्या लेकीशी बोलता यायला हवं.

८ ऑगस्ट
चूक माझीच. फोनमधलेच शब्द त्याच्या तोंडावर फेकत होते – निवडा, सरकवा, पुष्टी करा. घरात माणूस असं बोलतो का! आज म्हटलं, "जेवण झाल्यावर टेबलावरचे पावाचे कण कसे झाडतोस? तसं कर." झाडलं – उघडलं!
"एवढंच होतं, तर आठवडाभर ओरडत का होतीस?"
मेला, एक शब्द गोड बोलेल तर शपथ.

११ ऑगस्ट
लेकीला, मिकाएलाला, बोलून निरोप पाठवायचा होता. "बोट दाबून धर, बोलून झालं की सोड." धरलं. पण बोललाच नाही! गेला तो नुसता श्वास. तिकडून घाबऱ्याघुबऱ्या लेकीचा फोन – "पप्पा, बरा आहेस ना?"

१४ ऑगस्ट
थकले. तेच तेच किती वेळा सांगायचं! शेवटी अंगावर ओरडले – "मी नसले म्हणजे काय करशील?"
"मिर्ताकडेच जातेयस ना?" माझ्याकडे बघत राहिला. मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच.

१७ ऑगस्ट
आज त्याने एकट्याने गॅस मागवला. टाक्या दोन आल्या! तरी गल्लीभर मिरवून आला. मी खूप हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले.

१९ ऑगस्ट
सकाळी फोन वाजला. शेजारच्या खोलीतून एल्बिओचा निरोप. स्वतः लिहिलेला पहिलाच –
"रात्रीच्या बसमध्ये तुझ्या शेजारची सीट घेतली. परवा मिर्ताला मीच फोन लावला होता. तिला खोटं बोलता येत नाही. पोटभर जेवून निघू."