शेवटच्या घराचा नियम

५ मे १९५९, मंगळवार. सकाळी ८.२०

आजपासून रोजनिशी. उद्योगाच्या पहिल्या वर्षाची नोंद असलेली बरी. पुढे कोणी विचारलं तर तारखा हाताशी हव्यात.

झालं असं. बेबी, माझी धाकटी बहीण, शाळेच्या सुट्टीत आठ दिवस अलिबागला मावशीकडे गेलीय. मी छत्री शोधायला तिची ट्रंक उघडली. (मे महिन्यात छत्री कशाला, असं सुनंदाचं म्हणणं. बायकोला पूर्वतयारी कळत नाही.) तळाशी खाकी कागदाचं कव्हर घातलेला एक पुठ्ठा. बेबी बालवर्गाला शिकवते, तिला कव्हरांचं वेड. घरातल्या पंचांगालाही कव्हर आहे.

आत खेळाचा पट. छप्पनच्या जानेवारीत गिरगावात कर्फ्यू लागला, तेव्हा चाळीतली अकरा मुलं गोळा करून बेबी आमच्या खोलीत बसली होती. मुलांची भीती जावी म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर तिने हा पट काढला. मी त्या आठवड्यात तापाने पडून होतो. ताप फार नव्हता, पण होता.

ऐंशी घरं. बेळगावहून निघायचं, फासा टाकत निपाणी, कोल्हापूर, सातारा असं करत मुंबईला पोचायचं. मध्ये लाठी, अश्रुधूर, संचारबंदी. त्यावर पडलात की मागे. ऐंशीवं घर मुंबई.

बाजारात खेळ मिळतात ते विलायती. त्यात लंडनचे रस्ते विकत घ्यायचे. गिरगावातल्या मुलाने लंडनचे रस्ते घेऊन करायचं काय? बघता बघता सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. कमलाकांत क्रीडा उद्योग. दिवाळीपर्यंत मुंबईतल्या घराघरात पट. पुढच्या वर्षी नोकरीचा राजीनामा.

बेबीला अर्थातच विचारायचं. आल्याबरोबर.

१४ मे, गुरुवार

बेबी काल आली. उन्हाने दमली होती. विचारलं नाही. दमलेल्या माणसाशी धंद्याचं बोलू नये.

पट ट्रंकेत होता तसा ठेवलाय. तत्पूर्वी ट्रेस केला. फोर्टातल्या आमच्या कंपनीत बावीस वर्षं मी इंजिनियरांचे नकाशे ट्रेस करतोय. माझ्या हातून रेघ इकडची तिकडे होत नाही. बेबीचं अक्षरसुद्धा हुबेहूब उतरलंय, तो तिचा गोल ‘ल’, पोट फुगलेला.

तिच्यासाठी येताना गजरा आणला. सुनंदा म्हणाली, बहिणीला गजरा? आज सूर्य कुठे उगवला? मग म्हणाली, आणि माझा?

७ जून, रविवार. दुपारी

डिझाइनवर काम. नकाशाच्या कोपऱ्यात तीन ओळींची चौकट असते. डिझाइन, ड्रॉइंग, ट्रेसिंग. बावीस वर्षं माझी सही तिसऱ्या ओळीत. आज पहिल्या ओळीत केली. मग कपाळ पुसलं. गरम होत होतं.

माझी स्वतःची भर : एकोणऐंशीवं घर. बेबीने ते उगाच मोठं काढलंय, इतर घरांच्या चौपट, आणि त्यात लाल पेन्सिलीने ‘थांबा’. बिचारीचा अंदाज चुकला असणार. मी ते इतर घरांच्या मापात आणलं. आता पट कसा रेखीव दिसतो. एवढी भर घातल्यावर खेळ माझा म्हणायला हरकत नसावी. निदान बराचसा.

अडचण एकच. नियम कुठेही लिहिलेले नाहीत. एकोणऐंशीवर थांबायचं, ठीक. पण किती? सुटायचं कसं?

बेबीला विचारलं की दोन मिनिटांचं काम.

१२ जुलै, रविवार

विचारलं. आडून. म्हटलं, बेबी, समजा एखादा माणूस मुंबईच्या अगदी दाराशी येऊन थांबलाय. त्याने आत कसं यावं?

ती मुलांच्या पाट्या पुसत होती. म्हणाली, कोणता माणूस? पाहुणा येणार आहे का कोणी?

म्हटलं, नाही गं, समजा.

म्हणाली, दादा, तुला बरं नाहीये का? ताप बघू.

माझ्या कपाळावर हात ठेवला. हाताला खडूचा वास. छप्पनमध्येही दर तासाने असाच हात ठेवून जायची. अकरा मुलं सांभाळून. मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं. उठून गेलो.

उद्या सांगायचंच.

१६ ऑगस्ट, रविवार

मधल्या काळात ऑफिसात काम फार. शिवाय बेबीच्या छत्रीची काडी बदलून आणली, तिच्या चपलेला अंगठा लावून आणला, दोनदा तिच्या वाटणीचं पाणी भरलं. सुनंदा म्हणते, तुम्ही काय केलंत ते एकदाचं सांगून टाका.

आज नामी युक्ती. शेजारची शैला त्या अकरा मुलांतली. आता दहा वर्षांची आहे. तिला जिन्यात गाठून विचारलं, कर्फ्यूत तुम्ही खेळायचात तो खेळ कसा संपायचा गं?

म्हणाली, शेवटी आम्ही मोठ्याने ओरडायचो. मग संपायचा.

काय ओरडायचात?

मुंबई आमची! पण कमलकाका, बेबीआत्यालाच विचारा की. ती घरातच आहे.

तिला दोन लिमलेटच्या गोळ्या दिल्या. नियम मिळाला. सहाचं दान पडलं की एकोणऐंशीवरून सुटका, आणि आधी तीनदा ओरडणे. सहाची अट माझी. नियमाला वजन हवं.

१९ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी

परळच्या प्रेसमध्ये प्रूफ तयार. मशीनमन राजाराम. हुशार माणूस, पण जरा जास्तच. प्रूफ हातात धरून म्हणाला, साहेब, अक्षर बाईमाणसाचं दिसतंय. शाळेतल्या बाईंचं.

मी म्हटलं, घरचंच.

मग नाव घातलं का बाईंचं?

मी शाईबद्दल बोलायला लागलो.

त्याला म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत चौघे खेळून बघा, कसा वाटतो ते बुधवारी सांगा.

२३ सप्टेंबर, बुधवार

प्रेसमध्ये पोचलो तर जिन्यातून ओरडा ऐकू आला. मुंबई आमची! मुंबई आमची! पाठोपाठ मालक धोतराचा सोगा धरून खाली धावत आले. त्यांना वाटलं, संप झाला. मशीन बंद करून सगळे एका पटाभोवती, सोंगट्या एकोणऐंशीवर एकावर एक रचलेल्या. पडतायत, परत रचतायत.

राजाराम म्हणाला, साहेब, तीन दिवस ओरडतोय. मुंबई कोणालाच मिळेना. एकोणऐंशीवरून सहा घरं गेलो तर माणूस पंच्याऐंशीवर. म्हणजे समुद्रात! आणि तुम्हीच लिहिलंय, जादा दान चालणार नाही. हे नियम दिल्लीत बनवले काय?

सगळे हसले. मालक हसले नाहीत.

मी म्हटलं, चिकाटीची परीक्षा आहे. राजाराम म्हणाला, ती आमची चालूच आहे, त्याला पट कशाला? मग हळूच म्हणाला, ज्या बाईंनी काढलाय ना, त्यांना एकदा विचारा.

बेबीला विचारल्याशिवाय छापायचं नाही. हा निश्चय. आज तारीख-वार घालून लिहून ठेवतो.

२ नोव्हेंबर, सोमवार. भाऊबीज

ठरवलं होतं की ओवाळणीच्या ताटात प्रूफ ठेवायचं. सगळं सांगायचं. शब्दही पाठ केले होते, ‘बेबी, माझ्याकडून एक आगळीक झाली’ असे.

पाटावर बसलो. तिने निरांजन फिरवलं. म्हणाली, दादा, हल्ली किती करतोस रे माझं. छत्री काय, चप्पल काय. मी परवा शाळेत सांगितलं, माझ्या भावासारखा भाऊ नाही.

मी ताटात ओवाळणीचं नवं पातळ ठेवलं. प्रूफ सदऱ्याच्या आत होतं. ओवाळून घेताना कागद कुरकुरला. सुनंदाने माझ्याकडे बघितलं.

सणाच्या दिवशी बहिणीला मनस्ताप नको. एवढाच विचार केला.

६ डिसेंबर, रविवार

वर्तमानपत्रात बातमी. द्वैभाषिक राज्य मोडणार, मुंबई महाराष्ट्राला देणार, दिल्लीत तसं ठरलं म्हणतात. चाळीत आनंदीआनंद. बेबी गॅलरीत उभी राहून रडली.

मी हादरलो. खेळाचं नाव ‘मुंबई मिळवा’. मुंबई मिळाल्यावर ती कोण मिळवत बसणार? चार वर्षं दिल्लीने काही केलं नाही, आणि नेमकी आताच घाई.

मी असा विचार केला हे कोणाला कळता कामा नये.

राजारामला निरोप धाडला : आहे तसा छाप. दोनशे. बेबीचं नाव दुसऱ्या आवृत्तीत. तिथे जास्त शोभून दिसेल.

१० जानेवारी १९६०, रविवार

छापलेले कागद पुठ्ठ्यावर चिकटवले. खळ पातळ झाली. पट वाळले आणि पापडासारखे वर आले. मधोमध महाबळेश्वर उंच, ते एका अर्थी बरोबरच. सोंगट्या मात्र घरंगळतात.

हे सगळं रजा काढून माळ्यावर, बेबी शाळेत असताना. सुनंदाला आता सगळं माहीत आहे. ती म्हणाली, मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी, शनिवार

बाजारात पदार्पण! ठाकुरद्वारला माझ्या बाळमित्राचं, मनमोहनचं, वह्यापुस्तकांचं दुकान आहे. त्याने शोकेसमध्ये एक पट उघडा मांडला, बाजूला डबा. झाकणावर ‘शोधक : क. ज. धैर्यवान’. मी समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभा. शोकेसमध्ये आपलं नाव पाहणं ही काही साधी गोष्ट नाही. लांबून नाव वाचता येत नव्हतं. पटावरचं अक्षर मात्र स्पष्ट दिसत होतं.

बेबीच्या शाळेचा रस्ता तोच आहे, हे परत येताना लक्षात आलं. पण ती मान खाली घालून चालते.

९ मार्च, बुधवार

विकला गेला! एक.

मनमोहनला खोदून विचारलं, कोण होतं गिऱ्हाईक? दाद देणारं माणूस दिसतंय. तो म्हणाला, एक बाई. बराच वेळ काचेशी उभ्या होत्या. मग आत येऊन म्हणाल्या, तो शोकेसमधलाच द्या.

बाई! म्हणजे कुटुंबात जाणार. मुलं खेळणार. त्या मुलांचे मित्र बघणार. मनात हिशेब मांडला तर वर्षअखेर दोनशे कमीच पडतील.

बाईंनी आणखी काही म्हटलं का? मनमोहन जरा घुटमळला. म्हणाला, नाही रे. एकदम आपल्या बायकोच्या तब्येतीचं सांगायला लागला.

याच आनंदात बेबीला सांगून टाकणार होतो. पण तिचं डोकं दुखत होतं. आठवडाभर जरा गप्पच आहे.

१० एप्रिल, रविवार

मनमोहनने उरलेले डबे हातगाडीवर परत पाठवले. चिठ्ठी : ‘जागा अडते. शिवाय कमळ्या, मला हे बरं वाटत नाही.’ काय बरं वाटत नाही ते लिहिलेलं नाही. व्यापारी माणसं भावनाप्रधान असतात.

एकशे नव्याण्णव डबे माळ्यावर. बेबीने माळ्याकडे एकदा वर पाहिलं. जुनी रद्दी आहे, म्हटलं. ती बरं म्हणाली.

१ मे, रविवार. संध्याकाळी ६.४०

महाराष्ट्र राज्य झालं. मुंबईसह. सकाळपासून गिरगावात पाय ठेवायला जागा नाही. गॅलरीला कंदील, दारोदार पेढे.

पाच वाजता बेबीने गॅलरीत सतरंजी अंथरली. छप्पनची सगळी मुलं बोलावली. काहींना आता मिसरूड फुटलंय. मग आतून खाकी कव्हर घातलेला एक डबा आणला. कव्हर ओळखीचं. डब्याचं मापही ओळखीचं.

उघडला. माझा पट. म्हणजे मी ट्रेस केलेला.

एकोणऐंशीव्या घरावर तिने जाड कागद चिकटवून ते पुन्हा चौपट केलंय. खाली माझ्या नियमावर एक पट्टी चिकटवलीय, त्याच गोल अक्षरात : ‘एकोणऐंशीवर थांबावे. सगळे आले की मिळून आत जावे. कोणालाही मागे ठेवू नये.’

बस. एवढाच नियम.

सुनंदाने विचारलं, बेबीवन्सं, हा कुठून आणलात? (तिला माहीत असूनही.) बेबी फासा हातात खुळखुळवत म्हणाली, मनमोहनभाऊंच्या शोकेसमध्ये दिसला. अक्षर ओळखीचं वाटलं. माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाली, दादा, हिरवी सोंगटी तुझी. बस इथे.

झाकणालाही कव्हर आहे, त्यामुळे शोधकाचं नाव दिसत नाही. डबा मळू नये म्हणून असेल. तिला कव्हरांचं वेड आहेच.

खेळलो. एकसष्टवर लाठी, मागे. पुन्हा चढलो, संचारबंदी, पुन्हा मागे. बाकी सगळे एक एक करत एकोणऐंशीवर पोचले. मोठ्या घरात सगळ्यांच्या सोंगट्या कशा ऐसपैस बसल्यात. शैला म्हणाली, चला कमलकाका, तुम्ही आलात की ओरडायचं!

मी म्हटलं, एक महत्त्वाची नोंद राहिलीय. आणि आत आलो.

निश्चय : एकोणऐंशीवर पोचलो की सगळ्यांसमोर सांगायचं. दुसऱ्या आवृत्तीची चौकटही आत्ताच करून ठेवतो.

डिझाइन : बेबी

इथे अडलो. बेबी असं कसं छापणार? तिचं पाळण्यातलं नाव कुमुदिनी. कितीतरी वर्षांत ते मी लिहिलेलं नाही.

डिझाइन : कुमुदिनी ज. धैर्यवान
ट्रेसिंग : क. ज. धै.

बरं दिसतंय.

शैला दोनदा हाक मारून गेली. आत्ता बेबी दाराशी आली होती. म्हणाली, दादा, थांबलोय आम्ही. तुझं दान आहे.

आलोच, म्हटलं. एवढं वाक्य पुरं करून उठतो.

बाहेर सगळे एकोणऐंशीवर आहेत. माझी सोंगटी अजून निपाणीत आहे.