कार्डांच्या दोन्ही बाजू

मी, राज्यशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या विरोधकांनी तो दोनदा वाचावा. यापूर्वीचं मृत्युपत्र रागाच्या भरात केलं होतं, ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो, हे तिला आधीच सांगून ठेवते.

२. गोदी कामगारांच्या संपात झालेल्या गोळीबारावर मी पुस्तक लिहिलं. त्यासाठी घेतलेल्या मुलाखतींची चारशे बारा कार्डं आहेत. पुढच्या बाजूला माणसाची साक्ष, मागच्या बाजूला तो माणूस मला कसा वाटला ते. स्वतःचा कल स्वतःला दिसत राहावा म्हणून ही माझी पद्धत. शेजारच्या खोलीतला सहकारी, जो सतत दोन्ही बाजू तोलण्याच्या गप्पा मारायचा म्हणून ज्याला आम्ही 'तराजू' म्हणायचो, ही कार्डं "जरा बघतो" म्हणून घेऊन गेला आणि परत देण्याआधी त्याने फक्त मागच्या बाजू छापल्या. वर लिहिलं, बाई पक्षपाती आहेत, यांचा भाऊ कामगार पुढारी आहे, गोळीबाराचा हुकूम दगडफेकीच्या आधी निघाला हे यांचं कुभांड आहे. पुस्तक अभ्यासक्रमातून गेलं. एकोणीस वर्षं मी खोटारडी ठरले.

यंदा पोलिसांची बिनतारी संदेशांची नोंदवही खुली झाली. हुकूम दहा वाजून दहा मिनिटांनी, पहिला दगड पावणेअकराला. माझ्या पुस्तकात आहे अगदी तसंच! ही वेळ मला ज्या पोलीस ड्रायव्हरने सांगितली, त्याच्या कार्डामागे मी लिहिलं आहे: 'उद्धट माणूस. अजिबात आवडला नाही.' तरी आणखी दोघांकडून पडताळून त्याचंच म्हणणं घेतलं. मी जिंकले, आणि हे लिहिताना मला भयंकर आनंद होतो आहे.

नोंदवही शोधली तराजूच्याच विद्यार्थिनीने. निघाली होती मला खोटं पाडायला. फोनवर म्हणाली, "बाई, मी चुकले. आता सरांना काय सांगू?" म्हटलं, "वेळ सांग. दहा वाजून दहा." सगळी कार्डं तिला. अट एकच, कोणतीही बाजू एकटी छापू नये.

३. तराजूला, त्याने माझ्याविरुद्ध वर्तमानपत्रांत लिहिलेली सर्व पत्रं, छान बांधणी करून. शुद्धलेखन मी सुधारलं आहे.

४. थोरल्या भावाला काहीही नाही. गोळीबारात दहा जण मेले असं दादा सभांतून सांगत असे. मला सहाच सापडले, मी सहाच लिहिले. "घरभेदी" म्हणून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. बाहेर मी त्याची बहीण म्हणून बदनाम, घरात सरकारची म्हणून. नोंदवहीतही सहाच निघाले, त्या संध्याकाळी तो धापा टाकत तीन जिने चढून आला. "सहाच होते गं. मला तेव्हाही ठाऊक होतं." मी हमसून रडले, लपवत नाही.

मागची खोली त्याच्या नावे करणार होते. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. मी दादाला विचारलं, "खोली घेतोस की सही करतोस?"

"खोली राहू दे तुझ्या पोरीला," तो म्हणाला. "पेन कुठाय?"

ठिकाण: माझी अभ्यासिका
दिनांक: चौदा मार्च, सकाळी

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिले, खालच्या दवाखान्याचे डॉक्टर: (सही)

साक्षीदार दुसरा, थोरला भाऊ: (सही) हिने माझ्यासमोर सही केली. हिने लिहिलेलं खरं आहे.