निवडणुकीपुरता गुडघा

६ मे
गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. अठरा सप्टेंबर. सगळं सरकारी विम्यात बसतं. म्हणजे नोव्हेंबर उजाडेपर्यंत मी जिना चढून वर माझ्या पलंगावर झोपणार. गेल्या हिवाळ्यापासून स्वयंपाकघरात आरामखुर्चीत झोपतेय, खुराड्यातल्या कोंबडीसारखी. बस झालं. हे पक्कं.
नातू रेमी राज्याच्या सिनेटला उभा राहिलाय. आत्तापर्यंत शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचा. तिथंही कुणी ऐकत नव्हतं.

११ मे
शेतकऱ्यांच्या ग्रेंज हॉलमध्ये बीन्सचं गावजेवण. रेमीचं पहिलं भाषण. आरोग्य, ऊर्जा, शिक्षण. तीन धोरणं, प्रत्येकाचे वेगळे कागद, सगळीकडे टक्के. लोक मान खाली घालून बीन्स खात राहिले.
समोरचा उमेदवार वॉरन थर्लो. तेलवाला. गावातल्या निम्म्या घरांच्या टाक्यांत हीटरचं तेल त्याचाच ट्रक भरतो. तो उठला, बीन्स कुणी केल्यात म्हणाला, गेल्या वर्षीपेक्षा बऱ्या आहेत म्हणाला, खाली बसला. टाळ्या.
परत येताना गाडीत रेमीचं तोंड पाहवेना. मी म्हटलं, मेल्या, टक्के कोण ऐकतं? माणूस दाखव त्यांना. माझा गुडघा सांग. आजीला जिना चढता येत नाही, ऑपरेशनची वाट बघत बसलीय, असं सांग. त्यात खोटं काय आहे?
अक्कल शेवटी मीच द्यायची. आठवीत शाळा सोडलेल्या बाईनं.

२५ मे
गुडघा चालला. माझा नाही, त्याचा. रेमी म्हणाला, माझी मेमे (आजीला आमच्यात मेमे म्हणतात) वाट बघतेय, आणि पुढच्या बाकावरच्या दोघी डोळे पुसायला लागल्या. त्यानंतर त्याने खेड्यातल्या दवाखान्यांचं धोरण आख्खं वाचलं तरी कुणी चमचा उचलला नाही.
ही निवडणूक मी चालवतेय. त्याला कळलेलं नाही, पण ते बरंच आहे.

१५ जून
रेमीच्या प्रचाराला ब्रुक नावाची मुलगी आलीय, पोर्टलंडहून. दिवसभर बदाम कुरतडते. आरामखुर्चीवरची गोधडी बघून तिने विचारलं, मिसेस थेरिओ, तुम्ही इथं का झोपता? मी म्हटलं, वर जाता येत नाही म्हणून. ती म्हणाली, आणि हिवाळ्यात हीच खोली गरम असते, नाही का? मी म्हटलं, चूल इथं आहे तर इथंच गरम असणार.
तिने ते लिहून घेतलं.
शनिवारच्या सभेत ऊर्जा धोरणाला सुरुवात झाली ती अशी: माझ्या मेमेला सगळं घर तापवणं परवडत नाही, ती एका खोलीत हिवाळा काढते. मग ऊब टिकावी म्हणून जुन्या घरांच्या भिंतींत सरकारी खर्चाने कापूस वगैरे. धोरण चांगलं आहे. पण माझी टाकी भरलेली आहे. मी रेमीला तसं सांगितलं. तो म्हणाला, मेमे, हे तुझ्या एकटीबद्दल नाही गं. मग नाव कुणाचं घेतोस, म्हटलं. हसला आणि माझ्या कपाळाची पापी घेतली. त्याचा आजोबा ओव्हिला अस्संच करायचा, पत्त्यांत हरून आला की.
उद्या त्याला स्पष्ट सांगणार.

४ जुलै
स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मला ट्रॅक्टरमागच्या गाडीत आरामखुर्चीसकट बसवलं. मला असलं मिरवणं बिलकूल आवडत नाही. केस सेट करून घेतले ते उन्हासाठी. लोक हात करत होते. थर्लोच्या गाडीला कमी केले. मी काही मोजत नव्हते.

२० जुलै
आता शिक्षण. रेमीला मोठ्या माणसांसाठी रात्रशाळा हव्यात, गावोगाव, फुकट. छान. पण त्याने सांगितलं की माझ्या मेमेला आठवीत शाळा सोडावी लागली, तिला अजून नीट वाचता येत नाही.
सोडावी लागली म्हणे. सिस्टर क्लोटिल्डने मला पट्टी मारली, मी ती पट्टी हिसकावून तिलाच मारली आणि दुसऱ्या सोमवारी जोड्यांच्या कारखान्यात रुजू झाले. इतका आनंद मला लग्नातही झाला नाही. आणि वाचता येत नाही, ही बातमी मी पेपरात वाचली.
रेमी म्हणाला, मी ‘नीट’ म्हटलं होतं, पेपरला देताना ब्रुकने ‘नीट’ काढला, वाक्य लांब होत होतं.
उद्या स्पष्ट सांगायचं. तिन्ही मुद्दे एकदमच.

४ ऑगस्ट
चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक उघडलं तर मागून ब्रुक खोकली. मिटलं. वाण्याकडे चष्मा लावून डब्यावरची तारीख बघत होते, तर एक बाई येऊन म्हणाली, मी वाचून देऊ का, मावशी? दे बाई.
मला वाटलं होतं, गावातले तरी हसतील. चाळीस वर्षं ओळखतात मला. शेजारची रीटा म्हणते काय, अल्फोन्सीन, आता कळलं गं, बिंगोत तू नेहमी उशिरा का ओरडायचीस. मी म्हटलं, अगं, मला ऐकू कमी येतं. ती म्हणाली, असू दे, लाजू नकोस.
ही वही मी आता न्हाणीघरात लिहिते. कडी लावून.

१९ ऑगस्ट
रीटा रोज सकाळी पेपर वाचून दाखवायला येते. हवामान, बाजारभाव, बेसबॉल. कोण मेलं ते गाळते, मला त्रास नको म्हणून. मी पेपर घेते तो तेवढ्यासाठीच.
बाकी तयारी जोरात. हॉस्पिटलात न्यायची पिशवी भरून ठेवलीय. वरच्या पलंगाला नवी चादर घालायला रीटाला पाठवलं. निळी. इथून वर बघितलं की कठड्यातून तिची कड दिसते.

१० सप्टेंबर
टीव्हीवर जाहिरात लागली. मी स्वयंपाकघरात, अंगात ओव्हिलाचा कोट, बाहेर ऊन पडलंय ते दिसू नये म्हणून पडदा ओढलेला. शेवटी रेमी म्हणतो, मेमे अजून वाट बघतेय.
आवाज जरा बारीक आला, पण चेहरा बरा दिसतो. चार वेळा बघितली, चूक काढायला.

१४ सप्टेंबर
रेमी आणि ब्रुक आले. रेमी बसेना, नुसता फ्रीज उघडत होता. ब्रुकने विषय काढला. म्हणाली, जाहिरात चालू असताना अठरा तारखेला तुमचं ऑपरेशन झालं, तर लोक म्हणतील, झालं की हिचं. रेमी म्हणाला, फक्त मतदानापर्यंत गं मेमे. मग मी स्वतः नेतो तुला.
मी ठणकावून सांगितलं की हा गुडघा माझा आहे, तुमच्या पक्षाचा नाही. रेमी उठला, माझ्या पायाखाली उशी सारली आणि म्हणाला, बरोबर आहे तुझं, कर ऑपरेशन, निवडणूक काय पुन्हा लढता येते. आणि नाक पुसलं.

१५ सप्टेंबर
हॉस्पिटलला फोन करून तारीख पुढे ढकलली. माझ्या मर्जीने. मला कुणी सांगितलेलं नाही. नवीन तारीख जानेवारीनंतर, मध्ये कुणाची रद्द झाली तर कळवू म्हणाले.
विचार केला तर हेच सोयीचं आहे. तो जिंकला तर माझं काम संपलं. हरला तर माझं काम संपलं. दोन्हीकडून मी मोकळी. असा हिशोब त्या ब्रुकला जन्मात सुचणार नाही.

१२ ऑक्टोबर
पहिलं दव गोठलं. पेपरवाले कधीही टपकतात म्हणून ब्रुकने हीटर कमी करून ठेवायला सांगितलंय. टाकी भरलेली आणि मी कोटात.
गुडघा आता रात्रीही ठणकतो. पूर्वी फक्त जिन्यावर दुखायचा. न्हाणीघरापर्यंत जायला खुर्ची ढकलत न्यावी लागते, म्हणून लिहिणं कमी झालंय.

२६ ऑक्टोबर
वॉरन थर्लो दारात. एकटाच, टोपी हातात. मी मनाशी म्हटलं, आला, आता सगळं बाहेर काढणार.
तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, अल्फोन्सीन, तुझी टाकी मे महिन्यात मीच भरलीय. भरली असशील, म्हटलं. म्हणाला, ओव्हिलाच्या आजारपणात तू त्याला आख्खी खेळांची पानं वाचून दाखवायचीस, मी इथंच बसलेलो असायचो. मी कोटाची बटणं लावली. तो म्हणाला, घाबरू नकोस, मी कुठं बोलणार नाही, असली मतं मला नकोत. मग हीटरकडे बघत म्हणाला, पण बाई, निदान तो वाढव की. पोरगा निवडून यावा म्हणून तू गारठून मरणार आहेस का?
मी म्हटलं, आमच्या घरात लोक गारठून मरत नाहीत, कंटाळून मरतात.
जाताना त्याने स्वतःच हीटर वाढवला. माझा एवढा विचार या सबंध वर्षात कुणी केला नाही.
तो गेल्यावर मी कमी केला. पेपरवाले आले असते तर.

२ नोव्हेंबर
ठरलं. मत थर्लोला देणार. रेमीवर राग नाही. पोरगा गुणी आहे, धोरणंही चांगली आहेत. पण हरला की शाळेत परत जाईल, मी वर जाईन. मतदानाच्या पडद्याआड कोण बघतंय? शेवटी एक जागा तरी आहे जिथं माझं कुणी ऐकायचं नाही, आणि मीही कुणाचं ऐकायचं नाही.

५ नोव्हेंबर, रात्री
मतदान झालं. रांगेतल्या सगळ्यांनी मला पुढे जाऊ दिलं. रीटा हाताला धरून. मी मतपत्रिका घेतली आणि पडद्याकडे वळले, तर टेबलावरची बाई म्हणाली, थांबा थेरिओबाई, तुम्हाला वाचून दाखवायला कुणी हवं ना? मी म्हटलं, नको. ती हळू म्हणाली, यात लाजण्यासारखं काही नाही, हा तुमचा हक्क आहे. मागे सबंध रांग. पेपरचा फोटोवाला. दाराशी ब्रुक, तोंडात बदाम.
रीटा म्हणाली, मी आहे ना, चल.
आत आली. पेन्सिल तिच्या हातात. कानात म्हणते, हा वॉरन, आणि हा, खाली, आपला रेमी. कुणाला करू? आणि डोळा मारला.
वरच्या नावापुढचा गोल माझ्यापासून बोटभर लांब होता. मला नाव स्पष्ट दिसत होतं. थर्लो, मोठ्या अक्षरांत.
रेमीला कर, म्हटलं.

६ नोव्हेंबर
जिंकला. थोडक्यात, पण जिंकला. सकाळी येऊन मला खुर्चीसकट मिठी मारली. मेमे, हे तुझ्यामुळे झालं. मला माहीत आहे.
बरंच झालं म्हणायचं. हिशोब मी आधीच करून ठेवला होता. आता मोकळी. हीटर वाढवला. पिशवी पुन्हा भरली.

१७ नोव्हेंबर
रेमी मोठं पाकीट घेऊन आला. त्याचा पहिला कायदा. गुडघ्यांची ऑपरेशनं लवकर व्हावीत, म्हाताऱ्यांची घरं तापावीत, रात्रशाळा निघाव्यात, सगळं एकाच कायद्यात, आणि नाव दिलंय अल्फोन्सीन कायदा. ब्रुकची कल्पना. वसंतात राजधानीत, ऑगस्टा शहरात, सुनावणी. मी स्वतः समितीपुढे बसून सांगायचं.
मी विचारलं, काय सांगायचं? तो म्हणाला, जे आहे तेच. तू फक्त तोपर्यंत थांब.
मी म्हटलं, रेमी, हे बघ. तो म्हणाला, बोल ना, मेमे. एवढ्या प्रेमाने म्हणाला की मी विचारलं, ॲपल पाय खाशील का. दोन तुकडे खाल्ले.
एक मात्र कबूल केलं पाहिजे. उन्हाळ्यात त्याच्या भाषणात अर्धी थाप होती. आता एकही शब्द खोटा नाही. मला चालता येत नाही, मी एका खोलीत राहते, आणि पेपर रीटा वाचते. चष्मा कुठं ठेवलाय तेही आठवत नाही.

९ डिसेंबर
दुपारी हॉस्पिटलातून फोन. कुणीतरी नवीन मुलगी. म्हणाली, थेरिओबाई, तुमचं नशीब चांगलं आहे, एकाची तारीख रद्द झालीय, येत्या मंगळवारी या, नाताळला घरी असाल.
मी वर बघितलं. कठड्यातून निळी कड दिसत होती.
म्हटलं, मंगळवारी जमणार नाही.
तिने विचारलं, मग बुधवारी? बुधवारीही नाही, म्हटलं. वसंतापर्यंत नाहीच.
ती म्हणाली, अहो, पण का? कशाची वाट बघताय?
मी म्हटलं, ऑपरेशनची.