तोंडभर खिळे आणि जन्मभराची सुट्टी

चि. मेहुणेबुवांना,
तुझ्या भाओजींचे घरबसल्या भरपूर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे तुझी ताई खुशाल आहे आणि मला ती खुशाल ठेवते. तुझा खोकला कमी झाला का? फोम कापताना नाकाला फडकं बांधत जा, हे मी तू शिकाऊ होतास तेव्हापासून सांगतोय. सोफे-गाद्यांचं दुकान बरं चाललंय असं कानावर आलं. (कानावरच येतं, कारण तू येत नाहीस. असो, धंद्याच्या माणसाला वेळ नसतो.) फोन केला की तू 'भाओजी, आराम करा' म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. तसं खास कारण काही नाही. एक गंमत घडली, ती कुणाला तरी सांगायची होती.

तर झालं असं. तो तीन माणसांचा सोफा आपण दोघं जिन्यावरून उतरवत होतो, त्यात आधी सोफा खाली पोचला आणि मग मी, तेव्हापासून माझी कंबर कामातून गेली आणि अपंग भत्ता सुरू झाला. घर त्यावरच चालतं, तुझ्यापासून काय लपवायचं. आता त्या भत्त्याच्या कचेरीत नवं वारं आलंय. वरच्या मंडळींच्या लक्षात आलं की भत्ता घेणारी माणसं कामावर परत जातच नाहीत. का जात नाहीत, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. कामावर गेलं की भत्ता बंद, आणि काम झेपलं नाही तर पुन्हा भत्त्यासाठी पहिल्यापासून खेटे. पण वरच्यांना एवढं कळायला बरीच वर्षं लागली. आता नवा नियम असा की सहा महिने काम करून बघा, भत्ता चालू राहील. झेपलं तर कमाईच्या मानाने थोडा थोडा कमी होईल, नाही झेपलं तर गुपचूप परत या, पुन्हा तपासणी नाही. ऐकायला गोड आहे. तुझ्या ताईला मात्र गोड बोलणाऱ्याचा पहिल्यापासून संशय. (माझ्याशी लग्न झाल्यापासून म्हण.) तिच्या मते हा उंदराचा पिंजरा आहे आणि नवा नियम म्हणजे आतला खोबऱ्याचा तुकडा. एकदा का आपण काम करू शकतो असं कबूल केलं, की भत्त्याला मुकावं लागणार.

त्यात सगळ्यांना फेरतपासणीचं बोलावणं आलं. कोण कामावर पाठवण्याजोगा आहे आणि कोण नाही, ते कचेरीतल्या डॉक्टरीणबाई ठरवणार. मग आठवडाभर ताईने माझी तालीम घेतली. कसं बसायचं, कसं उठायचं, कुठल्या प्रश्नाला किती कण्हायचं. माझं कण्हणं तिला पसंत पडेना. तुमचं कण्हणं पोटभर जेवलेल्या माणसासारखं वाटतं, म्हणाली. (दुखतं तेव्हा मी कण्हत नाही, गप्प बसतो, हे तिला ठाऊक आहे. पण डॉक्टरीणबाईंना ते कसं कळणार, असा तिचा मुद्दा, आणि तो बरोबर होता.) शेवटची ताकीद अशी की कचेरीत तोंडातून कामाचा 'का' काढायचा नाही.

आता तू आपल्या धंद्यातला, तूच सांग. बाहेरच्या खोलीत पाच-पंचवीस माणसं बसलेली, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीची रेक्झिनची सीट एका कोपऱ्याने उचकटून लोंबतेय, आतला फोम कुणीतरी बसल्या बसल्या चिमटीने उपटलेला. एक तास मी दुसरीकडे बघितलं. मग नाही राहवलं. खिशात बारीक खिळ्यांची पुडी असतेच. ताई पाणी प्यायला गेली तशी मी भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलो, खुर्ची उलटी मांडीवर घेतली, आपल्या पद्धतीने मूठभर खिळे तोंडात टाकले आणि काठीच्या मुठीने ठोकायला लागलो. सीट अशी ताणून बसवली की वर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं. ते बघून समोरच्या बाई आपली खुर्ची घेऊन आल्या. मग कुबड्या घेतलेले एक काका. बघता बघता रांग लागली. शिपाई दार उघडून बघतो तर ज्यांना उभं राहता येत नाही म्हणून भत्ता मिळतो अशी निम्मी खोली भिंतीला धरून उभी, आणि मध्ये खुर्च्यांचे पाय वर. तो बिचारा दार लावून परत आत गेला.

नेमका तेव्हाच माझा पुकारा झाला. ताई धावत आली, मला उठवलं, एक हात तिने धरला, दुसऱ्यात काठी. तोंडात खिळे तसेच. काढायचे कशाने? थुंकले असते तर डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर खणखणाट झाला असता आणि सगळं बिंग फुटलं असतं. मी आपला ओठ मिटून बसलो. बाईंनी विचारलं, दुखणं कधीपासून? मी म्हणालो, उं. झोप लागते का? उं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात ताईला विचारलं, यांना बोलताही येत नाही का? ताईला वाटलं, हा माझा ऐनवेळी सुचलेला डाव. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतका अभिमान मी लग्नातही पाहिला नव्हता. तिने रुमाल काढला आणि असा काही हुंदका दिला की शिपायाने तिला पाणी आणून दिलं. मला खरंच काही बोलता येईना, कारण एक खिळा जिभेखाली आडवा झाला होता आणि माझ्या डोळ्यांतही पाणी आलं. निकाल जागच्या जागी लागला. कंबर गेली, वाचा गेली, कामाच्या योजनेतून जन्मभराची सुट्टी, भत्ता कायम.

तेव्हापासून काय थाट आहे म्हणून सांगू. उशिरा उठतो. दोनदा चहा. खिडकीत बसून कामाला जाणारी माणसं बघतो आणि मनात म्हणतो, पळा लेको पळा. अडचण इतकीच की कचेरीतला शिपाई आमच्याच रस्त्याने जातो, त्यामुळे घराबाहेर मला मुकं राहावं लागतं. भाजीवालीने परवा मला सडके टोमॅटो घातले आणि मला नुसतं उं म्हणून ते घ्यावे लागले. घरात बोलायला हरकत नाही, पण बोलायचं कशाबद्दल? आपली गादी मी महिन्याभरात तीनदा उसवून परत भरली. चौथ्यांदा सुई घेतली तेव्हा ताई हातातलं काम टाकून बघत राहिली. बाकी सर्व आनंद आहे. लहानांना पापे, मोठ्यांना नमस्कार.

तुझा,
सुखी भाओजी

ता. क. वरचं सुखाचं सगळं खोटं आहे. जन्मभराची सुट्टी मी काल परत करून आलो. फिरायला जातो असं ताईला सांगून थेट कचेरीत गेलो आणि डॉक्टरीणबाईंना घडाघडा सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आधी मला तोंड उघडायला लावलं आणि आत बॅटरी मारून बघितली. मग बराच वेळ हसत होत्या. म्हणाल्या, भिंतीला टेकून रोज दोन तास जमेल, ओझं अजिबात नाही, सहा महिने करून बघा. फक्त कामाला ठेवणारा मालक हवा. मी म्हटलं, आहे की.

ता. क. दुसरा. तो मालक तू. तुला विचारलं नव्हतं, ते आता विचारतोय. सोफ्याचं वरचं टोक तुझ्या हातून सुटलं म्हणून तू मला दुकानात येऊ देत नाहीस, आणि तोंडही दाखवत नाहीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. अरे, ओझ्याखाली कुणाचाही हात सुटतो. त्याबद्दल माझ्या मनात काही असतं तर तुला तेव्हाच चार शिव्या घातल्या असत्या. पण आराम करा, आराम करा म्हणून मला या खिडकीत बसवून ठेवलंस, त्याचा मात्र राग आहे. मागच्या दाराजवळ भिंतीशी जागा दे. खुर्च्यांच्या सीटा करीन, दोन तास. ताईला यातलं काही माहीत नाही. भत्ता जाण्याची तिला फार भीती आहे, तेव्हा तिला एवढ्यात सांगू नकोस.

ता. क. तिसरा, ताईकडून. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडेच दिलं, त्यामुळे वाचलं. मी इतके दिवस यांना कण्हायला शिकवत होते. काल हे कचेरीतून आले ते शीळ घालत आले. भत्त्याचं काय होईल ते होईल, आपण बघून घेऊ. तू हो म्हण. आणि दोन तास म्हणजे दोनच, तिसऱ्या तासाला मी तुझ्या दुकानाच्या दारात उभी असेन.