न कापलेले तागे

प्रिय भिंगरी,

तू वाटाड्यांच्या तळावर सुखरूप पोचलीस आणि नमुन्याचं जाकीट घालून बर्फात लोळलीससुद्धा, हे कळलं. वय काय तुझं? असो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू बोलतेस, मी हूं हूं करते आणि नेमकं सांगायचं तेच राहून जातं. म्हणून शिधा घेऊन वर येणाऱ्या ट्रकवाल्याजवळ ही चिठ्ठी देतेय. तिच्याच हातात दे, असं त्याला तीनदा बजावलं. त्यानं विचारलं, "मावशी, आत हिरे आहेत का?" हसू दे मेल्याला.

इथलं बरं चाललंय. आपण कारखाना थाटलेल्या या बॅटऱ्यांच्या गोदामाला अजून त्यांचा वास येतो, पण सहाही मशिनी सुरात आहेत. दुरुस्तीच्या खिडकीवर परवा एकजण आपल्या दोघींच्या जुन्या कंपनीचं जाकीट घेऊन आला, कोपर फाटलेलं. काजं करणारी फणकारली, "नाव तुझ्या भागीदारांनी ठेवून घेतलं, आता दुसऱ्याच्या पोराचं नाक आपण का पुसायचं?" मी म्हटलं, पोर आपलंच आहे गं, दत्तक गेलंय एवढंच. कोपराला ठिगळ लावून दिलं. शिवलेलं जन्मभर दुरुस्त करून देऊ, हा शब्द तू दिला होतास. कंपनी गेली म्हणून शब्द थोडाच जातो!

आता वाटाड्यांच्या जाकिटांसाठी सात तागे टाकून गेलेल्या त्या कापडवाल्याविषयी. बायकांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलंय, कारण तो आला की खुर्ची पुसली जाते. माणूस गोड आहे. फार गोड आहे. माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी तर माझी सख्खी सूनही करत नाही. तू वर गेल्यापासून रोज सकाळी त्याचा फोन येतो, "मावशी, कात्री लागली का?" एकदा विचारलं तर घाई, दोनदा विचारलं तर काळजी. सहा दिवस रोज विचारतो म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. कापडाला एकदा कात्री लागली की ते परत जात नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

तरी मी स्वतःलाच दटावलं. दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकणारच. मग मंगळवारी मशीनला तेल घालताना एक थेंब शेजारच्या थप्पीतल्या खालच्या ताग्याच्या बाहेर आलेल्या टोकावर पडला. मी जीभ चावली, म्हटलं, गेलं वीतभर कापड वाया. पण थेंब मुरलाच नाही. मोत्यासारखा गोल उभा राहिला. फडक्यानं टिपला, डाग नाही. बायका हरखल्या. म्हणाल्या, काय कापड आहे! मी मात्र मशीन बंद केली.

का ते सांगते. मी कधी शाळेत रसायन शिकले नाही, पण जुन्या कंपनीत रंगखात्याचा उस्ताद जेवताना शिकवायचा. आपण वापरू म्हणतो तो साधा लेप पाण्याला हाकलतो, तेलापुढे मात्र हात टेकतो. तेलालाही दाद न देणारं कापड दिसलं की समजायचं, त्यावर ते दुसरं औषध आहे. ओढ्यात गेलं तर पिढ्या सरतील पण ते सरणार नाही, असं. आपल्या कापडात ते नाही, हे तू प्रत्येक जाकिटाच्या कॉलरवर छापून घेतेस.

दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा सातही ताग्यांची टोकं उलगडून मी थेंब टाकत बसले. ताडून पाहायला आपलं पहिलं जाकीट शेजारी ठेवलं होतं. त्यात तेल मुरलं. वरच्या दोन ताग्यांतही मुरलं. खालच्या पाचांवर मोती उभे. तपासणीला पाठवलेला तुकडा जावईबापूंनी स्वतःच्या हातानं कापला होता, आठवतं? वरच्या ताग्यातूनच. त्याला गिरणीनं फसवलं की तो आपल्याला फसवतोय, देव जाणे. मी कुणाला काही बोलले नाही. तागे भिंतीशी लावले आणि कात्री धारेला दिलीय म्हणून सांगते. आज त्यानं विचारलंच, "धारवाला तलवारी करतोय का?"

हे कापड परत केलं तर वाटाड्यांची चारशे जाकिटं हंगाम सुरू व्हायच्या आत होत नाहीत, हे मला कळतं. त्या मागणीचा एवढा एकच मोठा शब्द आपल्या पदरात आहे. तो गेला तर हे दुसरं घरटंही मोडेल, आणि तिसऱ्यांदा काड्या गोळा करायचं वय माझं नाही, तुझं असेल.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. जुन्या कंपनीतही मी असा थेंब पाहिला होता. बाहेरच्यांनी कापड तपासून ते औषध शोधलं, खोट्या लेबलाचं खापर तुझ्यावर फुटलं आणि भागीदारांनी तुला तुझ्याच दारातून बाहेर काढलं, त्याच्या दोन महिने आधी. मी मोठ्या भागीदाराला सांगायला गेले, तर तो हसला, "मावशी, तुम्ही कापा, रसायन आम्ही बघतो." सगळ्यांसमोर हसला. मला अडाणीपणाची लाज वाटली आणि मी तुझ्या टेबलाशी चहा पिऊन तुला न सांगताच परत गेले. नंतर तू माझ्या कुशीत रडलीस, "एकानंही मला सावध केलं नाही," म्हणालीस, तेव्हाही मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत गप्प राहिले. म्हणून या खेपेला तू माझ्या शब्दावर कापड परत करू नकोस. जावईबापूंवर नको, गिरणीच्या खात्रीच्या कागदावर नको आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. खाली ये, स्वतःच्या हातानं सातही ताग्यांवर थेंब टाक आणि मग ठरव. कापायच्या टेबलाशी मला ठेवायचं की नाही, तेही त्याच वेळी ठरव, आणि तोंडावर सांग. तोवर कात्री माझ्या पिशवीत आहे, कितीही फोन आले तरी बाहेर निघणार नाही.

वाट पाहणारी, तुझीच,
मावशी