मागच्या पानावरचा शब्द

२ जून
मुलुंडच्या ऑफिसात गायकवाड काका आले. घाटकोपरचे, रिटायर्ड वायरमन. सोबत नात प्राची, इंजिनीअरिंगला जाणारी. काकांच्या वडिलांच्या शाळेतल्या नोंदीची प्रत पुढे ठेवली. जातीच्या रकान्यात भलताच शब्द. "ताई, ज्या नावानं बापाला वर्गाबाहेर बसवलं, तेच नाव कागदावर नाही." प्राचीची जात पडताळणी अडकलीय. जुनी रजिस्टरं आम्ही स्कॅन केली, म्हणून शाळेनं इकडे धाडलं. बघते म्हटलं.

३ जून
फाइल उघडली. मागच्या पानावर त्याच ओळीत तोच शब्द. काना तुटलाय, तोही तसाच. हाताने लिहिलेलं इतकं तंतोतंत जुळत नाही.
फाइल छोटी करायचा प्रोग्राम माझाच. व्हिडिओत मागच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच साठवतात, तसं मी रजिस्टरच्या पानांना केलं. रेषा, रकाने मागच्या पानावरून उचलायचे, नवीन अक्षरं तेवढी ठेवायची. पुसट शाईतला फरक प्रोग्रामला फरकच वाटला नाही. दुसऱ्या कोणाचा तरी शब्द काकांच्या वडिलांना चिकटला.

४ जून
ऑफिसचे प्रमुख नितीन सर, त्यांना दाखवलं. "कारकुनाची चूक म्हणून कळव. मूळ रजिस्टर आहे कुठे आता?"
स्कॅननंतर रद्दीत, लगद्याला गेलं. 'स्कॅन मुळाबरहुकूम' या कागदावर सही माझी. कच्चे स्कॅनही जागेसाठी उडवलेले.

५ जून
काकांचा फोन. "तपास चालू आहे" असं मी सांगितलं. खोटं.
फाइल निम्मी कर असं सर म्हणाले होते, म्हणून किती फरकाला फरक मानायचं ती मर्यादा मीच वाढवली. तेव्हा स्कॅनिंगवरची रेश्मा म्हणालेली, "मॅडम, पुसट अक्षरं मागच्या पानासारखी दिसतायत." मी म्हटलं, "पुसटच आहेत ना, चालतं." सगळं आठवतंय. ती कुठे उभी होती तेसुद्धा.

७ जून
घाटकोपरला त्यांच्या घरी गेले. सांगितलं. काकूंनी चहा दिला, तो घ्यायचीही लाज वाटली.
प्राची म्हणाली, "आमचंच पान, की अजून?"
"अजून असतील. किती, माहीत नाही."
काका: "लिहून देताना मशीनची चूक म्हणाल की तुमची?"
माझी, म्हटलं. त्यांनी मान हलवली. माफ केलं असं नाही, ऐकलं एवढंच.

९ जून
सगळं लिहून सही केली, दोन्ही पानं जोडली. सर म्हणाले, "हे बाहेर गेलं तर उद्यापासून येऊ नकोस, माधुरी." दुपारी काकांच्या हातात दिलं. पडताळणी समितीपुढे गुरुवारी सुनावणी. असलं पत्र ग्राह्य धरतील की नाही, त्यांच्या वकिलालाही सांगता येईना.
टेबल आवरण्याआधी तेच रजिस्टर पहिल्यापासून तपासायला घेतलं. निम्म्यापर्यंत अशी अकरा नावं निघाली. पत्ते नाहीत, नुसती गावं.